बावगारूंचे चार मराठी शब्द

राजमहेंद्री,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

ती. ताई,

यमूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो मनातल्या मनातच घालते. देवाने चालवून घेतलंय, तूही घे.) आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, याहून जास्त लिहिलं तर दृष्ट लागेल. तुझी साखर कशी आहे? बिनसाखरेचा चहा सुरू केलास, की अजून ‘एवढ्याशाने काय होतंय’ चालूच आहे? दाजींचा खोकला उतरला का? (समोरचा माणूस बोलायला लागला की तो खोकला उसळतो, हे माझं निरीक्षण त्यांच्या कानावर घालू नकोस.) तुझे धाकटे दीर भाऊसाहेब आणि मालतीबाई यांना नमस्कार सांग. त्यांच्या श्रीरंगाला अनेक आशीर्वाद. नेहमीपेक्षा जरा जास्तच सांग. का ते पुढे येईल.

आमची लेक शर्वाणी वर्षभर तुझ्याकडे मिरजेत गाणं शिकायला राहिली आणि गाण्याबरोबर श्रीरंगालाही पसंत करून आली, हे तू कळवायच्या आधीच मी ओळखलं होतं. तंबोरा पोचवायच्या निमित्ताने तो मुलगा एवढ्या लांब आला, तंबोरा पोचला, कोपऱ्यात उभा राहिला, त्याच्यावर गवसणी चढली, तरी मुलगा जायचं नाव घेईना. मुलगा ह्यांना आवडला. मला तर आधीपासूनच आवडतो. पण आमच्या घरात ह्यांच्या पसंतीला किंमत किती ते तुला ठाऊक आहे. ह्यांनी पसंत केलेली भाजीसुद्धा बावगारूंनी पिशवीत डोकावून पाहिल्याशिवाय चिरली जात नाही.

बावगारू म्हणजे माझे थोरले दीर, लक्ष्मीपती. तू त्यांना एकदाच पाहिलंस, माझ्या लग्नात. मंगलाष्टकं चालू असताना भटजींना थांबवून ‘हा शब्द आमचा’ असं सांगत होते, ते. कालवे खात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरादाराच्या बोकांडी बसले आहेत. पाणी वरून खाली जातं तसे शब्दही तेलुगूतून निघून सगळ्या मुलखात गेले, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर एकदा, फक्त एकदा, मी म्हणाले की बावगारू, ज्या गोदावरीवर तुम्ही सकाळ-संध्याकाळ आंघोळ करता ती मुळात आमच्या त्र्यंबकची. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी ताक पिऊन म्हणाले, “तिकडे ती करंगळीएवढी होती. नदी झाली ती आमच्याकडे.” आणि मग जेवले, राहिलेलंही भरून काढलं.

सगळी सुरुवात माझ्यापासूनच झाली म्हणे. नवी नवरी म्हणून आले त्याच आठवड्यात पंगतीत मी कौतुकाने सांगून गेले की आमच्याकडे आग्रह केल्याशिवाय पाहुण्याला जेवू घालत नाहीत. सगळ्यांचे हात पानातच थांबले. इकडे आग्रह म्हणजे राग. पाहुण्यांवर ओरडून ओरडून त्यांना जेवायला लावणारी माणसं, असा आपल्या मिरजेचा लौकिक त्या दिवशी राजमहेंद्रीभर झाला. तेव्हापासून बावगारूंनी पक्कं करून टाकलं की शब्द यांचे, आम्ही ते नेले आणि नीट वापरता न आल्यामुळे खराब केले. यांचा प्रपंच म्हणजे अख्खं जग. आमचा प्रपंच म्हणजे डाळ, तांदूळ आणि मुलांची फी. “तुमच्या लोकांनी शब्द धुतला आणि तो आटला,” असं ते माझ्या तोंडावर म्हणतात. आता शब्द काय यांच्या परसात उगवला होता? दोघांनीही तो संस्कृतातून आणला आणि आपापल्या सोयीने वापरला, इतकं साधं आहे ते. पण एखादी गोष्ट साधी असली की विद्वानांना ती पटत नाही, आणि बावगारूंना तर आपण विद्वान असल्याची खात्री आहे.

बरं, काही शब्दांचं तर एकमेकांशी नातंच नाही. यांच्या भाषेत गोड म्हणजे भिंत. आपला गोड गोडच. कल म्हणजे स्वप्न. तल म्हणजे डोकं. दुधाला पालु म्हणतात आणि पुढे दुसरा शब्द जोडला की त्याचं नुसतं पाल होतं. जत्रेत दोन माणसांची नाकं सारखी दिसली म्हणून ती काही सख्खे भाऊ होत नाहीत. पण योगायोग नावाची गोष्ट बावगारूंच्या घरात येत नाही. त्यांचं संशोधन ऐक. तेलुगू व्यापाऱ्याने गुळाच्या ढेपा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मराठी स्वार आले, बोट दाखवून ‘हे काय?’ विचारते झाले. व्यापाऱ्याला वाटलं भिंतीचं विचारताहेत, तो म्हणाला, गोड. स्वारांनी ढेप चाखली आणि शब्द घेऊन पळाले. पालीचंही तेच. दुधाच्या भांड्यात पाल पडली होती. मराठी माणसाला भांडं दाखवून ‘पाल’ म्हटलं, तर त्याने दूध सोडलं आणि आत तरंगत होती तिला ते नाव दिलं. उशीवर कलल्याशिवाय स्वप्न पडत नाही म्हणून कल. आणि डोकं तळाशी कसं गेलं असं विचारलं, तर म्हणाले, “तुमचे लोक किल्ल्यावरून उलटे लोंबकळत असतील.” (हे सांगताना माणूस हसत नाही, ताई. आपण हसलो तर पुन्हा पहिल्यापासून सांगतो.)

हे सगळं मी इतकी वर्षं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि सोडून दिलं. म्हटलं, कोणी दारू पितं, कोणी पत्ते खेळतं, आमचे हे शब्द उकरतात. पण शर्वाणीच्या लग्नाचा विषय निघाला आणि या उकरण्याला दात फुटले. जातीपातीचं, पत्रिकेचं, हुंड्याचं काहीतरी काढतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. त्यातलं काहीच नाही. झोपाळ्यावर बसून शांतपणे म्हणाले, “यमुना, शब्द बाहेरून आत आला की आपला होतो. तू आलीस, आमची झालीस. पण आपला शब्द बाहेर गेला की गेला. तिकडे त्याला भलताच अर्थ चिकटतो, परत आला तर आपल्याला ओळखूसुद्धा येत नाही. मुलीचं तेच आहे. मी मुलगी द्यायचा नाही.” आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला. शर्वाणी आत गेली आणि तिने तंबोऱ्यावरची गवसणी काढली, पण गायली नाही.

खरं सांगू, त्या रात्रीपासून मला बावगारूंचा जो संताप आला तो आजवर कधी आला नव्हता. मिरजेची यमू इथे यमुनम्मा झाली, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का, की माझा अर्थ बदलला का गं? बदलला. मी आंबट खायला लागले, सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे पेसरट्टू करायला लागले, स्वप्नंसुद्धा तेलुगूत पडायला लागली. तुम्हाला कधी ओळखू आले नाही का मी? की घरी येणाऱ्या शब्दाला माहेर नसतंच? हे सगळं त्यांना तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं नाही. चिंचेचा कोळ काढत बसले आणि तो इतका काढला की आठवडाभर पुरला.

आता नवरात्राचं सांगते, म्हणजे मुद्द्यावर येईन. आमच्या आळीतल्या देवीच्या मांडवात दर दसऱ्याला अवधान असतं. तू पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते. मध्ये एक पंडित बसतो आणि त्याला आठ जण घेरून बसतात. आठही जण एकाच वेळी त्याला छळतात. एक जण मध्येच घंटा वाजवतो, तिचा हिशेब पंडिताने मनात ठेवायचा. एक जण चार शब्द आणि एक विषय देतो. त्या विषयावर पद्य रचायचं, फेरीला एक चरण, चरणात एक शब्द. बाकीचेही असंच काहीबाही घालतात. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि शेवटी सगळी पद्यं सलग म्हणून दाखवायची. मिरजेत एखाद्याला असं छळलं तर तो फौजदाराकडे जाईल. इथे त्याला शाल देतात. या आठांतला एक तर खास आहे. त्याचं नावच अप्रस्तुत प्रसंगी. पंडिताचं ध्यान मोडावं म्हणून मध्ये मध्ये संबंध नसलेलं बोलणं, एवढंच त्याचं काम. (आपल्याकडे हे काम घरी आलेले पाहुणे फुकट करतात.) त्याला काहीही विचारायची मुभा, आणि पंडिताने चिडायचं नाही, तिथल्या तिथे हसून उत्तर द्यायचं.

यंदाचे पंडित सोमयाजुलु अवधानी, लांबून आलेले, वयस्कर, खादीच्या उपरण्यातले. आणि चार शब्द देणार होते साक्षात आमचे बावगारू. मांडवाचे अध्यक्षही तेच. महिनाभर तयारी चालली होती. शब्द आधी ठरवून मंडळाला कळवावे लागतात, तर यांनी कळवले गोड, कल, तल, पाल. विषय मात्र ऐन वेळी सांगायचा असतो, तो ठेवला होता ‘तेलुगू भाषेची थोरवी’. मराठीत बाटलेले चार शब्द भर मांडवात पंडिताच्या तोंडून शुद्ध करून घरी आणायचे, असा बेत होता. रोज पहाटे न्हाणीघरात घसा साफ करून तो विषय घोषणेसारखा म्हणायचे. आमचं न्हाणीघर धर्मशाळेच्या भिंतीला लागून आहे. ही गोष्ट ध्यानात ठेव.

अष्टमीला अप्रस्तुत प्रसंगाचे नेहमीचे गृहस्थ, निवृत्त पोस्टमास्तर, लाउडस्पीकरवरून सूचना देऊन देऊन घसा बसवून बसले. बोलता येत नाही अशा माणसाला त्या जागी बसवणार कसं? मंडळाची धावाधाव सुरू झाली. तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई कामेश्वरक्का पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, “शोधताय कशाला एवढं? आपली यमुना आहे की. आमटी वाढताना मिरजेच्या भाताचं सांगते, भात वाढताना आणखी कशाचं. तिच्याहून अप्रस्तुत कोण मिळणार?” सगळे हसले. मला वाटलं बावगारू नाही म्हणतील, पण ते खूष झाले. मराठी बाई अप्रस्तुताच्या खुर्चीत बसली की त्यांचा सिद्धांत आपोआपच सिद्ध होत होता ना! तोंडाने म्हणाले, “बसू दे. काही सुचलं नाही तर नुसती मराठीत बोल, तेवढं पुरे.” हे ऐकून मी नवी कोरी उप्पाडा साडी काढली.

मांडव गच्च भरला होता. पुढे बायका, त्यांच्यात शर्वाणी, सुकलेली. मागे पुरुष. नवमीची पूजा होऊन दशमी लागलेली, त्यामुळे बायकांच्या ओच्यात देवीच्या अक्षता तशाच. मी आपलं एकदोनदा काहीतरी विचारलं, अवधानींनी गोड उत्तर दिलं, लोक हसले, माझी भीती गेली. मग बावगारूंची पाळी आली. ते उठले, अंगवस्त्र सारखं केलं, घसा साफ केला. आणि तो घसा साफ करायचा आवाज ऐकला मात्र, ताई, माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “अवधानीगारू, तुमची खोली धर्मशाळेच्या कोपऱ्यातली. रोज पहाटे भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातून कोणी ‘तेलुगू भाषेची थोरवी वर्णा’ म्हणून ओरडत असेल, तर त्याला काय उत्तर द्यावं?” अवधानींनी हात जोडले. म्हणाले, “अम्मा, मला वाटलं कोणीतरी गार पाण्याने आंघोळ करतंय. मी रामनाम घेत होतो.”

मांडव असा हसला की देवीपुढची समई हलली. मी शपथेवर सांगते, मला नुसती गंमत करायची होती. पण बावगारूंचा विषय उघडा पडला. तोच दिला तर लोक म्हणणार, पंडिताला आधीच कळला होता. शब्द बदलता येत नाहीत, ते मंडळाकडे गेलेले. विषय तेवढा हातात होता. त्यांचा चेहरा लाल झाला (हा यांचा आग्रह), माझ्याकडे बोट केलं आणि ओरडले, “मग विषय बदलला! घ्या! लक्ष्मीपतीच्या दारी मराठी जावई आलाय, आमच्या शर्वाणीचं त्याच्याशी लग्न लागतंय! वर्णन करा! आणि शब्द हेच. मराठी माणसाच्या लग्नात पाल घालून मंगल कसं होतंय ते बघू दे सगळ्यांना!”

मला टोमणा मारायला म्हणून ते बोलले. आणि त्या भरात जे विसरले ते राजमहेंद्रीतला विद्वानच विसरू जाणे. साध्या माणसाच्या हातून अशी चूक व्हायची नाही. अवधानात विषय दिला की तो घडतोय असं धरूनच पंडित बोलतो. मग ते लग्न असेल तर पद्यात आशीर्वाद येणारच. आणि या गावात माणसं आंबेवाल्याला रडवीपर्यंत घासाघीस करतील, पण विजयादशमीला देवीच्या मांडवात पंडिताने नाव घेऊन म्हटलेलं मंगल खोटं करायची कोणाची छाती नाही. बावगारूंनी दिला विषय. मांडवाने ऐकली सोयरीक. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने शर्वाणीच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. शर्वाणीने माझ्याकडे पाहिलं; मला कळेना, पोरगी हसते आहे की रडते आहे.

पहिल्या फेरीत अवधानींनी म्हटलं (अर्थ सांगते, वृत्त माझ्या आवाक्यातलं नाही): लक्ष्मीपतीच्या घरच्या गोडेवर, म्हणजे भिंतीवर, हळदीचे हात अजून ओले आहेत. बावगारू मांडी थोपटून म्हणाले, “बघा! भिंत! मी म्हणत नव्हतो?” पंडिताच्या पद्याकडे त्यांचं लक्षच नाही, शब्द घरी आला याचाच आनंद. माझी पाळी आली. मी विचारलं, “गोदावरी एवढी समुद्राकडे धावते, त्र्यंबकला माहेरी कधी जात नाही का?” अवधानी म्हणाले, “जाते अम्मा. ढग होऊन जाते. दरवर्षी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या फेरीत कल आली: मुलीने अशी कल पाहिली आहे की पापण्यांत मावत नाही. तिसऱ्या फेरीत तल: तो तिच्या तलेवर अक्षता ओततो आहे, ती त्याच्या. (इथे नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ओंजळीने अक्षता ओततात.) बायकांचे हात ओच्याकडे गेले. बावगारू आता मांडी थोपटत नव्हते. काय चाललंय ते त्यांच्या तलेत शिरायला लागलं होतं. पुन्हा माझी पाळी. आणि ताई, माझा कंठच फुटेना. माईकसमोर बसले आहे, डोळ्यांतून घळाघळा पाणी, नवी साडी ओली, आणि लोकांना वाटतंय की हाही अप्रस्तुताचाच प्रकार आहे, म्हणून सगळे पोट धरधरून हसताहेत. अवधानी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, “इतकी वर्षं हे करतो आहे, अप्रस्तुत प्रसंगी गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता. याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढे जातो.”

मग चौथा चरण. सगळा मांडव पालीची वाट बघत होता. अवधानींनी डोळे मिटले आणि म्हटलं: दुधाच्या सागराने, पालसागराने, आपली लेक देऊन टाकली, त्याची एक लाट तरी कमी झाली का? लक्ष्मीपतीला हे ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

अक्षता उडाल्या. देवीवर किती पडल्या आणि शर्वाणीवर किती, ते देवीच जाणे. मी मात्र बावगारूंकडे बघत होते. आयुष्यभर सगळ्या शब्दांची मुळं उकरली, पण स्वतःच्या नावाचा अर्थ त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. दुसऱ्याची लेक घेऊन गेलेल्या जावयाचं, साक्षात विष्णूचं, नाव लावून हा माणूस मुलगी द्यायची नाही म्हणून अडून बसला होता. त्यांनी अंगवस्त्राने डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले, “वृत्तात कुठेही चूक नाही.” माणूस रडतानासुद्धा तपासतो, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी वाजंत्रीवाला. तो जातो न जातो तोच पूतरेकुलु ही इकडची लग्नातली मिठाई करणारी बाई, किती टोपल्या लागतील विचारत. कामेश्वरक्कांनी दोघांनाही कॉफी दिली, म्हणजे त्यांच्या लेखी लग्न ठरलंच. बावगारू दुपारपर्यंत खोलीत होते. बाहेर आले आणि ह्यांना म्हणाले, “विषय मी दिला. पंडिताचं पद्य मी खोटं पाडणार नाही. सोयरीक पक्की करायला तांबूल घेऊन मुलाच्या घरी जायला हवं.” मग माझ्याकडे वळून, “पण गोड हा शब्द भिंतच आहे, हे तू कबूल केलं पाहिजेस.” मी म्हटलं, बावगारू, भिंत. पाल म्हणजे दूध. हत्ती म्हणजे काय म्हणाल ते. मुलीचं भलं होत असेल तर मी सगळी मराठी यांच्या नावावर करून द्यायला तयार आहे.

असो. फार लांबलं. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या तब्येतीला जप.

तुझी,
यमू

ता. क. दाजींना एक सांगायचं. सातवाहन मराठी बोलत होते, सबब तेलुगूतले निम्मे शब्द आपले, हा त्यांचा सिद्धांत मला ठाऊक आहे (दर दिवाळीला पोस्टकार्डावर येतो). बावगारूंपुढे तो काढू नये. तसा मला या दोघांत काही फरक दिसत नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पण निदान तांबूल हातात पडेपर्यंत दाजींना खोकला झालेला बरा.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. बावगारूंनी मला विचारलं, मुलाकडच्यांचा होकार आहे ना? ते अंगवस्त्र सावरून उभे, हातात पंचांग, मुहूर्त काढलेला. नाही म्हटलं असतं तर पुन्हा झोपाळ्यावर बसले असते. मी म्हटलं, हो, केव्हाच आलाय. ताई, तुला माहीतच आहे की भाऊसाहेबांना आणि मालतीबाईंना यातलं अक्षरही ठाऊक नाही. श्रीरंगाने घरी सांगितलेलं नाही. तो मुलगा तंबोरा पोचवू शकतो, बातमी नाही. आणि त्या घरात दाजींच्या होकाराशिवाय काही हलत नाही, म्हणजे त्यांनाही आताच सांगावं लागेल. टपालाने पत्र उशिरा पोचलं असतं, म्हणून हे बावगारूंच्याच हाती देते आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. (अक्षरओळखसुद्धा नाही. सगळं संशोधन ऐकीव.) तू हे वाचते आहेस तेव्हा ते तुझ्या बाहेरच्या खोलीत तांबुलाचं ताट मांडीवर घेऊन बसले असतील. त्यांना कॉफी दे, कडक, कपात नको, पेल्यात. ती ते फुंकून फुंकून पितात. ती संपायच्या आत तू आत जाऊन तिघांकडूनही होकार घे. कसा घेशील ते मला विचारू नकोस. रडावं लागलं तर रड, मी भर मांडवात रडले.

शेवटची ता. क. पत्र बंद करत होते तर शर्वाणी दारात येऊन उभी राहिली. विचारते, “अम्मा, मिरजेचं उत्तर कधी येईल?” तिचा चेहरा बघून मी सांगून टाकलं, आलं बाळा, आजच आलं, सगळ्यांचा होकार आहे. ती आत गेली आणि इतक्या दिवसांनी आता गाते आहे.